गाण्याच्या व्हिडिओतले शॉट आणि कट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मास मीडियाच्या मुलांना प्रकल्पासाठी एक काम हमखास मिळतं. कुठलाही म्युझिक व्हिडिओ घ्या आणि त्याचं विश्लेषण करा. मग वहीत उतरतं ते असं: ‘इथे क्लोजअप आहे, इथे लाँग शॉट आहे, कट वेगवान आहेत, त्यामुळे ऊर्जा जाणवते.’ हे विश्लेषण नाही, ही यादी झाली. असे प्रकल्प बरीच वर्षं तपासतोय. मुलांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. पहिलं उत्तर टाळू नका, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

सिनेमातल्या प्रसंगाचं विश्लेषण आम्हाला येतं. म्युझिक व्हिडिओत वेगळं काय?

गाणं आधी तयार असतं, हे वेगळं. प्रसंगाचं संकलन करताना एडिटर दोन वाक्यांमधली शांतता अर्ध्या सेकंदाने वाढवू शकतो, एखादा संवाद उडवू शकतो. म्युझिक व्हिडिओत त्याला ही मुभा नाही. सव्वाचार मिनिटांचं गाणं सव्वाचार मिनिटांचंच राहणार. आवाज खिळे ठोकून बसवलेला आहे आणि चित्राने त्याच्याभोवती जागा शोधायची आहे.

बाकीच्या बहुतेक प्रथा यातूनच निघतात. प्रसंगात नायकाच्या उजव्या हातातला कप पुढच्या शॉटमध्ये डाव्या हातात दिसला, तर ती चूक. गाण्यात मात्र एकाच ओळीच्या मध्यावर साडीचा रंग बदलतो, गच्चीचा डोंगर होतो, दुपारची रात्र होते आणि कोणी हूं की चूं करत नाही. कारण आवाज सलग असतो आणि सांधण्याचं काम तोच करतो. म्हणून १८० अंशांचा नियम (कॅमेरा दोन पात्रांमधल्या रेषेच्या एकाच बाजूला ठेवायचा), ३० अंशांचा नियम (पुढच्या शॉटचा कोन निदान तेवढा बदलायचा), जंप कट म्हणजे चित्र उडी मारल्यासारखं दिसणारा कट टाळणं, ही सगळी शिस्त इथे सैल पडते.

‘मिले सुर मेरा तुम्हारा’ आठवून पाहा. १५ ऑगस्ट १९८८ रोजी ते दूरदर्शनवर पहिल्यांदा दाखवलं गेलं. पंडित भीमसेन जोशींपासून सुरुवात होते. पुढे माणसं, भाषा, पोशाख, भूगोल सगळं बदलत जातं. त्या शॉटना चित्र म्हणून एकमेकांशी फारसं देणंघेणं नाही, त्यांना धरून ठेवते ती चाल. आवाज बंद करून पाहिलंत तर पर्यटन खात्याच्या चित्रफितीसारखं वाटेल.

मग सिनेमातलं गाणं हाही म्युझिक व्हिडिओच का?

अर्धा हो, अर्धा नाही. मुंबई दूरदर्शनवरचं ‘छायागीत’ पाहून वाढलेल्या पिढीने सिनेमापासून तोडलेली गाणीच पाहिली. कथा माहीत नसताना गाणं पाहायची सवय आपल्याला म्युझिक चॅनेल येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. पण एक फरक मोठा आहे. आपल्या सिनेमात चेहरा एकाचा आणि गळा दुसऱ्याचा असतो. परदेशी बँडच्या व्हिडिओत क्लोजअप म्हणजे ‘हा आवाज ज्याचा, तो हा माणूस’ असा पुरावा असतो. आपल्याकडच्या पार्श्वगायनात क्लोजअप पात्राचा असतो आणि गाणारा किंवा गाणारी पडद्याबाहेर. तिथे एडिटर चेहऱ्यावर जातो तो गायकाची ओळख करून द्यायला नाही, तर हा आवाज या ओठांचाच आहे हे पटवायला.

म्हणूनच १९९५ साली ‘मेड इन इंडिया’त अलिशा चिनॉय स्वतःच पडद्यावर आल्या, ते वेगळं वाटलं. गायिकाच नायिका. आजच्या स्वतंत्र मराठी गाण्यांत दोन्ही प्रकार सापडतात. कधी गायक स्वतः कॅमेऱ्यासमोर असतो, कधी ओळखीचे मालिका-कलाकार ओठ हलवतात. विश्लेषणाची पहिली नोंद हीच असू द्या: आवाज कोणाचा, चेहरा कोणाचा?

सुरुवात नेमकी कुठून करायची?

डोळे मिटून. गाणं दोनदा नुसतं ऐका आणि कागदावर त्याचा नकाशा काढा: सुरुवातीचा पीस, मुखडा, मधलं संगीत, पहिला अंतरा, पुन्हा मुखडा, असं सगळं मिनिट-सेकंदांसह. मग आवाज बंद करून व्हिडिओ पाहा. मग दोन्ही एकत्र. चौथ्या वेळी पेन हातात घ्या.

तक्ता साधा ठेवा. शॉटचा क्रमांक, सुरू झाल्याची वेळ, आकार, कॅमेरा हलतो का, त्या वेळी गाण्यात काय चाललंय आणि पुढचा कट कशावर बसलाय. शेवटचे दोन रकाने बहुतेक जण रिकामे सोडतात, आणि सगळा अर्थ तिथेच असतो.

यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून कीबोर्डवरची पूर्णविरामाची कळ दाबली की एक फ्रेम पुढे, स्वल्पविरामाची दाबली की एक फ्रेम मागे. व्हीएलसीमध्ये ‘ई’ची कळ फ्रेम पुढे नेते. फोनवर बोटाने सरकवत बसू नका, कट निसटतात.

आणि हेडफोन वायरचे घ्या. एकदा मी दोन पानं भरून लिहिलं होतं की अमुक एडिटर प्रत्येक कट ठोक्याच्या आधी मारतो, त्यामुळे एक अधीरता येते वगैरे वगैरे. एका विद्यार्थिनीने वर्गातल्या स्पीकरवर तोच व्हिडिओ लावला, तर कट अगदी ठोक्यावर. माझ्या ब्लूटूथ इअरफोनमधून आवाजच उशिरा येत होता. काही ॲप ही तफावत भरून काढतात, काही नाही. एक पंचमांश सेकंदाचा उशीर झाला, तरी २५ फ्रेमच्या हिशेबात पाच फ्रेम होतात. माझी अधीरता त्या पाच फ्रेममधली होती.

शॉटचे प्रकार पाठ करावे लागतील का?

सात-आठ पुरतात. अगदी दुरून ते अगदी जवळून अशा क्रमाने: एक्स्ट्रीम लाँग, लाँग, मिड लाँग, मिड, क्लोजअप, टाइट क्लोजअप. शिवाय इन्सर्ट, म्हणजे वस्तूचा किंवा हाताचा मध्येच घातलेला शॉट. अँगलमध्ये लो, हाय, टॉप. सेटवर लोक ‘टाइट दे’, ‘थोडा लूज घे’ असंच बोलतात. तुम्हीही तसं लिहिलंत तर चालेल, फक्त सगळीकडे एकच शब्द ठेवा.

क्लोजअप म्हणजे भावना, लाँग शॉट म्हणजे एकटेपणा. बरोबर ना?

हे समीकरण ज्याने शिकवलं असेल त्याला माझा नमस्कार सांगा. शॉटच्या आकाराला स्वतःचा असा अर्थ नसतो. आजूबाजूला काय आहे आणि तो किती वेळ टिकतो यातून अर्थ तयार होतो.

शिनेड ओकॉनरचं ‘नथिंग कंपेअर्स टू यू’ पाहा. १९९० सालचं, दिग्दर्शक जॉन मेबरी. काळी पार्श्वभूमी, काळा स्वेटर, त्यामुळे अंधारात फक्त चेहरा उरतो. मधूनमधून पॅरिसच्या बागेत चालतानाचे शॉट येतात, पण व्हिडिओ पुन्हा पुन्हा चेहऱ्यावरच परततो आणि तिथेच थांबतो. इतर व्हिडिओंत क्लोजअप दोन सेकंदांत उडतो. इथे तो इतका टिकतो की आपल्यालाच नजर फिरवावीशी वाटते. शेवटाकडे डोळ्यांतून पाणी येतं. ते ठरवलेलं नव्हतं, आईची आठवण आली, असं तिने स्वतः नंतर सांगितलं आहे. आता विचार करा, त्या क्षणी कट मारला असता तर? अश्रूचा शॉट म्हणून वेगळा इन्सर्ट घेतला असता तर? तो अश्रू खरा वाटतो, कारण तो येण्याआधीपासून कॅमेरा तिथेच बसलेला होता.

प्रकल्पात ‘क्लोजअपमुळे भावना दिसतात’ असं लिहू नका. ‘कट अपेक्षित होता तिथे आला नाही’ असं लिहा.

कट तालावर असतो म्हणतात. म्हणजे नक्की कुठे?

हा माझा आवडता प्रश्न, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी गणित. १२० बीपीएम म्हणजे मिनिटाला १२० ठोके, दर अर्ध्या सेकंदाला एक. व्हिडिओ सेकंदाला २४ फ्रेमचा असेल तर एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंत बरोबर १२ फ्रेम बसतात. २५ फ्रेमचा असेल तर साडेबारा, आणि अर्धी फ्रेम कापता येत नाही. म्हणजे तिथे प्रत्येक कट ‘बरोबर ठोक्यावर’ मारता येणार नाही, कुठे किंचित आधी, कुठे किंचित नंतर. डोळ्याला कळत नाही, कारण एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. शिवाय अनेक एडिटर मुद्दामच एक-दोन फ्रेम आधी कापतात, म्हणजे ठोका पडेपर्यंत नवं चित्र डोळ्यात उतरलेलं असतं. तेव्हा एका फ्रेमचा फरक दिसला म्हणून त्यावर सिद्धांत मांडू नका.

मोजायचं ते वेगळंच. कोणत्या ठोक्यावर? तबला ऐकलेल्या कानाला हे पटकन कळतं. सगळ्या मात्रा सारख्या नसतात. समेवर, म्हणजे तालाच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, कट पडला की शेर संपल्यासारखं वाटतं, मान आपोआप हलते. पण दर आवर्तनाला समेवरच कट मारत गेलात, तर चौथ्या आवर्तनाला प्रेक्षकाला कट आधीच दिसायला लागतो. कवायतच ती. चांगला एडिटर दोन आवर्तनं समेवर कापतो, तिसऱ्याला समेवरून सरळ पुढे निघून जातो आणि मधल्याच एखाद्या मात्रेवर किंवा तबलजीने उचललेल्या तिहाईच्या (तीनदा वाजवून समेवर येणाऱ्या तुकड्याच्या) सुरुवातीला कापतो. ती सोडलेली सम जाणवते. गायक सम चुकवून पुढच्या वेळी पकडतो, तेव्हा मैफिलीत जी ‘वाऽ’ येते, तीच ही.

आता दादरा घ्या. सहा मात्रा, तीन-तीनच्या. चारच्या हिशेबाने हात बसलेला एडिटर दादऱ्यातल्या गाण्यावर कट मारतो, तेव्हा दर दोन ओळींनी काहीतरी खटकतं. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण पाय ठेका सोडतो. लावणीच्या चित्रीकरणात हे फार दिसतं. ढोलकीचा तोडा ऐन रंगात येतो आणि कट भलतीकडेच. अशा ठिकाणी ‘संकलन वेगवान आहे’ लिहिण्यापेक्षा ‘संकलकाने ठेका मोजलेला नाही’ असं लिहा, पण मात्रा मोजून दाखवा.

तालाशिवायही कट कशावर तरी बसतो. ओळीच्या पहिल्या अक्षरावर, गायकाने श्वास घेतला तिथे, नव्या वाद्याच्या प्रवेशावर. श्वासावरचा कट तर ऐकूच येत नाही, फक्त जाणवतो.

वेगवान संकलन म्हणजे सेकंदाला किती कट?

असा आकडा नाही. चार मिनिटांच्या गाण्यात १२० शॉट असतील तर सरासरी दोन सेकंद. पण मुखड्यात चार-चार सेकंदांचे शॉट असू शकतात आणि मधल्या संगीतात अर्ध्या अर्ध्या सेकंदाचे. सरासरी या दोघांनाही झाकून टाकते. भागाभागाची सरासरी वेगळी काढा. वेग कुठे बदलतो हे महत्त्वाचं, किती आहे हे कमी.

स्लो मोशनमध्ये केस हळू उडतात, पण ओठ गाण्याशी जुळतात. कसं?

युक्ती जुनी आहे आणि सेटवर पाहिली तर हसू येतं. सेकंदाला २४ ऐवजी ४८ फ्रेमने चित्रण करायचं आणि गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं. कलाकार त्या चिमण्यांच्या चिवचिवाटावर भराभर ओठ हलवतो, अगदी गंभीर चेहऱ्याने. नंतर चित्र २४ फ्रेमने चालवलं की ओठ मूळ गाण्याला बसतात, आणि पदर, पाऊस, लाटा सगळं निम्म्या वेगाने. आपल्या सेटवर गाणं वाजवायच्या यंत्रणेला जुनी माणसं अजून ‘नागरा’ म्हणतात. नागरा हा खरं तर टेपरेकॉर्डरचा ब्रँड. यंत्रं गेली, नाव राहिलं.

कोल्डप्ले या बँडचा २००० सालचा ‘यलो’ असाच केला आहे. पहाटेच्या किनाऱ्यावर गायक एकटा चालत येतो, एकच सलग शॉट. त्याच बँडच्या २००२ सालच्या ‘द सायंटिस्ट’मध्ये तर अख्खं चित्रण उलटं चालतं. त्यासाठी गायक ख्रिस मार्टिनला गाणं उलट्या उच्चारांनी पाठ करावं लागलं. अशा व्हिडिओत ओठांकडे नीट पाहा. जुळतात, पण जबड्याची हालचाल किंचित परकी वाटते. कथाही भूतकाळाकडेच सरकत असते, त्यामुळे ती परकेपणाची छटा कामी येते.

एकही कट नसेल तर संकलनाबद्दल काय लिहायचं?

भरपूर. कट नसला तरी प्रेक्षकाला दर काही सेकंदांनी काहीतरी नवं लागतंच. ते कुठून येतं, हे शोधा.

ओके गो या बँडने २००६ साली ‘हिअर इट गोज अगेन’मध्ये आठ ट्रेडमिल मांडल्या आणि कॅमेरा जागेवरून हललाच नाही. कटचं काम शरीरांनी केलं. माणूस पट्ट्यावरून चौकटीत घसरत येतो, तो नवा शॉट समजा. जमीरोक्वायच्या ‘व्हर्च्युअल इन्सॅनिटी’त (१९९६, दिग्दर्शक जोनाथन ग्लेझर) जमीन सरकते असं वाटतं, प्रत्यक्षात जमीन स्थिर आहे आणि भिंती हलतात. कॅमेरा भिंतींबरोबर जातो, म्हणून डोळा फसतो. तो सलग शॉट वाटतो, पण त्यात कट लपवलेले आहेत. शोधा, सापडतील.

दिग्दर्शक मिशेल गोंद्रीने २००२ साली गायिका काइली मिनोगच्या ‘कम इनटू माय वर्ल्ड’मध्ये याहून डोकेबाज प्रकार केला. पॅरिसलगतच्या एका चौकात काइली गोल फेरी मारते, आणि मुखडा परत आला की त्याच फेरीत दुसरी काइली सामील होते, मग तिसरी. मुखडा पुन्हा येणं म्हणजे काय, हे त्याने चित्रात मोजून दाखवलं. इथे संकलन गाण्याच्या रचनेतच विरघळलेलं आहे.

शब्द एक सांगतात आणि चित्र भलतंच दाखवतं. ही चूक मानायची का?

नाही. अँड्र्यू गुडविन या अभ्यासकाने १९९२ साली याचे तीन प्रकार मांडले, ते आजही उपयोगी पडतात. चित्र शब्दांचाच अर्थ दाखवतं, चित्र गाण्यात नसलेलं काही वाढवतं, किंवा चित्राचा गाण्याशी संबंधच नसतो. पहिला प्रकार सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कंटाळवाणा. ‘चंद्र’ म्हटलं की चंद्र, ‘पाऊस’ म्हटलं की शॉवर.

दुसऱ्या प्रकारासाठी ‘सैराट’मधलं (२०१६) ‘याड लागलं’ घ्या. अजय-अतुल यांनी त्यातला पाश्चात्त्य वाद्यवृंद लॉस एंजेलिसला ध्वनिमुद्रित केला. चित्रात मात्र करमाळ्याकडचा मुलुख आणि धावणारा एक पोरगा. शंभर माणसांचा वाटावा असा तो नाद आणि एवढासा प्रसंग, यांत मेळ बसवतं ते स्लो मोशन. वेळ ताणला, म्हणून एका पोराच्या धावण्यात तेवढे व्हायोलिन मावतात. हेच सरळ वेगात घेतलं असतं, तर संगीत चित्रापेक्षा दोन मापं मोठं झालं असतं.

आणि शब्द जवळजवळ नसतीलच तर? केमिकल ब्रदर्सच्या ‘स्टार गिटार’साठी गोंद्रीने धावत्या आगगाडीच्या खिडकीतलं दृश्य घेतलं. फ्रान्समधला रूळ, बाहेर खांब, डबे, इमारती, पूल. पहिलं मिनिट तुम्ही नुसतं बाहेर बघता. मग लक्षात येतं, हा खांब दर ठोक्याला येतोय, ती इमारत दर चौथ्याला. प्रत्येक आवाजाला एक वस्तू नेमून दिलेली आहे, आधी त्याने टेबलावर संत्री, काटे, पुस्तकं मांडून आराखडा केला होता. डेक्कन क्वीनच्या खिडकीत बसून विजेच्या खांबांवर गाणं म्हटलेल्या कोणालाही हा व्हिडिओ दुसऱ्यांदा पाहावासा वाटेल.

कॅमेरा हलतो, त्याचं काय लिहायचं?

कशावर हलतो ते लिहा: ट्रॉली, जिमी जिब (लांब दांड्यावरचा कॅमेरा), गिंबल (हातातल्या कॅमेऱ्याचे हादरे घालवणारं उपकरण), ड्रोन की हातात. मग हालचाल ओळीबरोबर सुरू होते आणि ओळीबरोबर संपते का, ते पाहा. ‘दिल से’मधल्या (१९९८) ‘छैय्या छैय्या’त निलगिरीच्या डोंगरी रेल्वेच्या टपावर नाच आहे, छायाचित्रण संतोष सिवन यांचं. तिथे कॅमेरा स्थिर असला तरी मागचा डोंगर पळतो. अर्धी हालचाल गाडीने फुकटात दिली. ड्रोनच्या शॉटबद्दल माझं मत चांगलं नाही. आज प्रत्येक मराठी गाणं किल्ल्यावरून वर वर जातं आणि वर गेल्यावर त्याला तिथे काय बघायचं होतं, ते कळत नाही.

जुन्या व्हिडिओतले इफेक्ट आज हास्यास्पद वाटतात. त्यांची दखल घ्यायची?

घ्या, पण ते कसे केले हे समजून. क्वीन या बँडचा ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ नोव्हेंबर १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या एल्स्ट्री स्टुडिओत सुमारे चार तासांत चित्रित झाला, दिग्दर्शक ब्रूस गॉवर्स. एक चेहरा मागे मागे विरत अनंतात जातो, तो परिणाम कॅमेरा मॉनिटरकडेच रोखून मिळवला. आरशासमोर आरसा धरावा तसा. गाण्यात तेव्हा आवाजावर आवाज चढत असतो, चित्रात चेहऱ्यावर चेहरा. इफेक्ट स्वस्त होता, पण बिनकामाचा नव्हता. १ ऑगस्ट १९८१ ला एमटीव्ही सुरू झालं, त्याच्या सहा वर्षं आधीची ही गोष्ट.

प्रकल्पात उत्तर कसं लिहू? एक नमुना द्या.

वाईट: ‘दिग्दर्शकाने क्लोजअप आणि वेगवान कट वापरून नायिकेची व्यथा प्रभावीपणे दाखवली आहे.’

बरं: ‘पहिल्या अंतऱ्यात ११ शॉट आहेत, दुसऱ्यात फक्त ३. चाल, शब्दांची लांबी सारखीच. दुसऱ्या अंतऱ्यात तबला गप्प होतो आणि फक्त सारंगी उरते. कापायला ठोकाच नाही, म्हणून शॉट लांबतात, आणि नायिकेचा चेहरा आपल्याला पहिल्यांदाच सलग दिसतो.’

दुसऱ्यात ‘प्रभावी’ हा शब्द कुठेही नाही, हे पाहिलंत ना?

सादरीकरणात व्हिडिओचे तुकडे दाखवले तर कॉपीराइटचा प्रश्न येतो का?

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ टीका आणि समीक्षणासाठी रास्त वापराला मुभा देतं. वर्गात दहा-वीस सेकंदांचा तुकडा दाखवून त्यावर बोलणं वेगळं, अख्खं गाणं स्वतःच्या चॅनेलवर चढवणं वेगळं. चॅनेलवर चढवलंत तर कायद्याच्या आधी यूट्यूबची स्वयंचलित यंत्रणा तुम्हाला गाठेल.

रीलसाठीचे उभे व्हिडिओ याच पद्धतीने पाहायचे का?

पद्धत तीच, दोन गोष्टी बदलतात. ९:१६ च्या चौकटीत दोन माणसं शेजारी शेजारी मावत नाहीत, त्यामुळे टू शॉट जवळजवळ संपला. माणसं एकामागे एक उभी राहतात किंवा कट मारावा लागतो. दुसरं म्हणजे गाणं मधूनच सुरू होतं, बहुधा मुखड्याच्या सगळ्यात गाजलेल्या ओळीपासून. सुरुवातीचा पीस गेला, त्याबरोबर हळूहळू जवळ येणारा लाँग शॉटही गेला. पहिलाच शॉट चेहरा. नकाशा काढताना मूळ गाण्यातल्या कोणत्या सेकंदापासून तुकडा उचललाय ते लिहा, आणि तो समेवर उचललाय की मधूनच, तेही.